बाळसे, मेद आणि मुलांचे यकृत

मुलाच्या पोटात अधूनमधून दुखते म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे जावे, त्यांनी खबरदारी म्हणून सोनोग्राफी करून घेण्यास सांगावे आणि अहवालात मूळ तक्रारीविषयी काहीही न निघता ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ एवढीच नोंद यावी, हा अनुभव बेंगळुरूसारख्या शहरातील कुटुंबांना आता नवा राहिलेला नाही. आई-वडिलांची पहिली प्रतिक्रिया बहुधा अविश्वासाची असते. यकृताचा विकार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मद्यपी माणूस उभा राहतो. ‘आमच्या घरात कोणी थेंबालाही शिवत नाही, मग दहा वर्षांच्या मुलाला हे कसे?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मद्याच्या पेल्यात नसून मुलाच्या डब्यात, दुधाच्या कपात आणि संध्याकाळच्या बेकरीच्या पुड्यात शोधावे लागते.

यकृत हा आपल्या शरीरातील सर्वांत मोठा अंतर्गत अवयव. उजव्या बरगड्यांच्या आड तो सुरक्षित बसलेला असतो. बँकेशी संबंध असलेल्या वाचकांना त्याचे कार्य समजावून सांगणे तुलनेने सोपे आहे. जेवणानंतर आतड्यांतून शोषली गेलेली शर्करा व प्रथिनांचे घटक रक्तावाटे सर्वप्रथम यकृताच्या खिडकीवर येतात. चालू खर्चास लागणारी द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, पुढे रक्तात सोडली जाते. काही भाग ग्लायकोजेनच्या रूपाने बचत खात्यात पडतो आणि रात्री झोपेत, उपाशीपोटी, हळूहळू काढला जातो. परंतु या बचत खात्याची मर्यादा लहान असते. प्रौढ माणसाच्या यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन मावते. ते भरले की उरलेल्या शर्करेचे मेदात रूपांतर होते व तो मेद मुदत ठेवीप्रमाणे त्वचेखालील चरबीच्या पेशींत पाठविला जातो. ठेवी ठेवण्याची योग्य जागा तीच. मात्र आवक सतत वाढती राहिली आणि तिजोरी अपुरी पडू लागली, तर गठ्ठे कामाच्या टेबलांवरच रचण्याची वेळ येते. यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत मेदाचे थेंब दिसू लागले, की त्या अवस्थेस वैद्यकशास्त्रात मेदयुक्त यकृत म्हणतात.

निव्वळ मेद साचला म्हणून यकृत लगेच बंद पडत नाही. काही मुलांमध्ये मात्र या मेदामुळे पेशींना सूज येते, सूज वर्षानुवर्षे राहिली की तेथे वणासारखे तंतू तयार होतात आणि अखेरीस यकृत निबर होऊन सिरॉसिसची अवस्था येऊ शकते. कोणाचे यकृत पहिल्याच पायरीवर थांबेल आणि कोणाचे पुढे जाईल, हे मुलाकडे पाहून सांगता येत नाही. या आजारात सहसा दुखत नाही, कावीळ होत नाही, भूक मंदावत नाही. थोडा थकवा, उजव्या कुशीत अस्पष्ट जडपणा, एवढेच.

यकृतात मेद कसा भरतो, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, असे म्हटल्यास आश्चर्य वाटेल. प्राचीन रोमन लोक हंसांना अंजिरे खाऊ घालून त्यांची यकृते मेदाने फुगवीत व ती पक्वान्न म्हणून खात. अंजिराचे लॅटिन नाव या पदार्थाला इतके चिकटले, की आजच्या फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश भाषांतील ‘यकृत’ या अर्थाचे शब्द अंजिराच्या त्या नावावरूनच आले आहेत. फ्रान्समध्ये पुढे हंस-बदकांच्या घशात नळीने मका भरण्याची पद्धत रूढ झाली. भारताने २०१४ मध्ये या पदार्थाच्या आयातीवर बंदी घातली. पक्ष्यांवर होणारी ही सक्ती आपल्याला अमानुष वाटते, आणि ती तशी आहेच. आपल्या घरात मात्र ‘आणखी एक घास, माझ्यासाठी’ असे म्हणत ताट संपवून घेण्यास आपण माया म्हणतो.

मद्याशिवाय होणाऱ्या या यकृतदाहास १९८० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. युर्गेन लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्र नाव दिले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८३ मध्ये, स्थूल मुलांतही तोच विकार असल्याचे प्रसिद्ध झाले. २०२३ मध्ये जगभरातील तज्ज्ञांनी त्याचे नामकरण पुन्हा केले. ‘मद्याविना’ असे नकारार्थी नाव सोडून आता त्यास चयापचयाच्या बिघाडाशी निगडित मेदयुक्त यकृतविकार असे म्हणतात. नाव लांबलचक झाले खरे, परंतु दोष कोठे आहे ते त्यात स्पष्ट झाले.

प्रमाण किती? अमेरिकेतील सॅन दिएगो परगण्यात १९९३ ते २००३ या काळात अपघातादी कारणांनी मरण पावलेल्या ७४२ मुलांच्या शवविच्छेदनांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व मुलांत हे प्रमाण ९.६ टक्के, तर स्थूल मुलांत ३८ टक्के आढळले. भारतातील निरनिराळ्या अभ्यासांची एकत्र छाननी करून २०२२ मध्ये काढलेला अंदाज मुलांसाठी सुमारे ३५ टक्के होता. त्यात रुग्णालयांत आलेल्या व स्थूल मुलांचा भरणा अधिक असल्याने हा आकडा प्रत्येक शाळेला लावणे बरोबर होणार नाही. तरीही दुर्लक्ष करावे इतका तो लहान नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये मेदयुक्त यकृताचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, तो यामुळेच.

पुण्याचे संशोधन काय सांगते?

‘आमचा मुलगा स्थूल कुठे आहे? जरा अंगाने भरलेला आहे इतकेच,’ असे म्हणणाऱ्या पालकांनी पुण्यातील एका संशोधनाची माहिती करून घ्यावी. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवती माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालके ३.५ किलोची होती. आपली बाळे स्नायूंनी व अवयवांनी लहान होती, परंतु त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ टिकून होती. दिसायला कृश, आत मेदयुक्त, असे हे रूप.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, तंतोतंत सारखा होता: २२.३. शरीरातील चरबी मोजली तेव्हा डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. वजनकाट्याला जे कळत नाही ते या एका छायाचित्राने दाखविले. याच विचाराने भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षे वयाच्या मुलांसाठी तयार केलेल्या वाढीच्या आलेखांत पाश्चात्त्यांपेक्षा कमी मर्यादा धरल्या आहेत. प्रौढ वयातील २३ निर्देशांकाशी जुळणारी रेषा ओलांडली की अतिवजन, आणि २७ शी जुळणारी ओलांडली की स्थूलता.

घरी करण्याजोगी तपासणी याहून सोपी आहे. मुलाची उंची आणि बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर शिवणकामाच्या टेपने मोजावा. घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक असेल, तर डॉक्टरांची भेट घेणे उचित. दुसरी खूण मानेवर असते. मानेच्या मागे व काखेत त्वचा काळसर, जाडसर, मखमलीसारखी दिसू लागते. कित्येक आया तो मळ समजून डाळीचे पीठ लावून घासत राहतात आणि मूल रडते. तो मळ नसतो. रक्तात इन्शुलिनचे प्रमाण सतत चढे असल्याची ती निशाणी असते. घासून ती जात नाही. पोटाचा घेर उतरला की फिकट होत जाते.

बेंगळुरूच्या मुलांचा दिनक्रम

बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेतील डॉ. रिबेका कुरियन, डॉ. अनुरा कुरपाड व सहकाऱ्यांनी शहरातील आणि शहरालगतच्या ६ ते १६ वर्षे वयाच्या मुलांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला होता. अतिवजनाशी तीन गोष्टींचा संबंध त्यांना ठळकपणे आढळला: दूरदर्शन संच पाहण्यात जाणारा वेळ, तळलेले पदार्थ आणि अपुरी झोप. यांतील पहिल्या दोहोंची अपेक्षा कोणीही केली असती. झोपेकडे मात्र आपले लक्ष नसते. कमी झोपलेल्या मुलाची भूक वाढते आणि ती भूक भाजी-भाकरीची नसते, गोड-खाऱ्याची असते. पुढे हातात मोबाइल आला आणि पहिली व तिसरी गोष्ट एकाच पांघरुणाखाली नांदू लागल्या.

या शहरात वाढणाऱ्या मराठी मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. सकाळी लवकर शाळेची बस, कारण रस्त्यांवरील वाहतूक. न्याहारी घाईत, बहुधा एक कप चॉकलेटी पावडर घातलेले दूध. दुपारी चार वाजता बसमधून उतरताना कडकडून भूक लागलेली असते आणि कोपऱ्यावरची अय्यंगार बेकरी नेमकी त्याच वेळी ताज्या पफ्सचा व दिलपसंदचा सुगंध सोडत असते. मग शिकवणी. खेळायचे मैदान असलेच तर तेथे गाड्या उभ्या. रात्री आई-वडील कार्यालयातून परततात साडेआठ-नऊला. स्वयंपाकाचा उत्साह नसला की दूरध्वनीवर बोट फिरविले जाते आणि अर्ध्या तासात जेवण दारात येते. या व्यवहाराने घरोघरी पोहोचलेली स्विगी ही कंपनी २०१४ मध्ये याच शहरात सुरू झाली, हा काही निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. यात आई-वडिलांना दोष देण्याचा हेतू नाही. तेही याच चक्रात आहेत. हैदराबादमधील माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील ३४५ कर्मचाऱ्यांची तपासणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ८४ टक्के जणांच्या यकृतात वाजवीपेक्षा अधिक मेद आढळला. मुलाच्या अहवालात फॅटी लिव्हर आले, तर वडिलांनी स्वतःची तपासणी करून घेण्यास हरकत नसावी. काही घराण्यांत ही प्रवृत्ती जनुकांतूनही येते.

साखरेचा हिशेब

सर्व अन्नघटकांत यकृतावर सर्वाधिक भार टाकणारा घटक कोणता, याविषयी गेल्या काही वर्षांत चांगले पुरावे पुढे आले आहेत. आपली साखर निम्मी द्राक्षशर्करा आणि निम्मी फलशर्करा, म्हणजे फ्रुक्टोज, अशी बनलेली असते. द्राक्षशर्करा शरीरातील प्रत्येक पेशी वापरू शकते. फलशर्करेचा निकाल मात्र मुख्यतः यकृतालाच लावावा लागतो. भरीस भर म्हणजे, द्राक्षशर्करा वापरताना यकृताकडे ‘आता पुरे’ म्हणणारा जो अटकाव असतो, तो फलशर्करेच्या मार्गात लागत नाही. थंड पेयातून एकदम आलेली मोठी रक्कम यकृत नाइलाजाने मेदात वळती करते.

हे केवळ पुस्तकी नाही. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ९ ते १८ वर्षांच्या स्थूल मुलांच्या आहारातील साखर कमी केली आणि तितक्याच उष्मांकाचे पिष्टमय पदार्थ दिले, जेणेकरून वजन घटल्यामुळे फरक पडला असे म्हणता येऊ नये. अवघ्या नऊ दिवसांत यकृतातील मेदाचे मध्यमान ७.२ वरून ३.८ टक्क्यांवर आले. हा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये ११ ते १६ वर्षांच्या ४० मुलग्यांवर आठ आठवड्यांचा दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. वरून घातलेल्या साखरेचा वाटा एकूण उष्मांकांच्या ३ टक्क्यांखाली आणलेल्या गटात यकृतातील मेद २५ वरून १७ टक्क्यांवर उतरला. नेहमीचे खाणाऱ्यांत तो २१ वरून २० वर, म्हणजे जवळजवळ तेथेच राहिला. यातील एक तपशील मला आकड्यांहून महत्त्वाचा वाटतो: या प्रयोगात केवळ त्या मुलाचे जेवण बदलले नव्हते, घरातील सर्वांचे बदलले होते.

आता आपल्या घरचा हिशेब मांडू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी, शक्यतो ५ टक्क्यांहून. दिवसाला १,६०० उष्मांक लागणाऱ्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे ८० उष्मांक, म्हणजेच २० ग्रॅम साखर; चहाचे साधारण चार चमचे. ३०० मिलिलिटर कोलाच्या बाटलीत ३० ग्रॅमहून अधिक साखर असते. दिवसाची मर्यादा एका बाटलीत ओलांडली गेली. डबाबंद ‘फळांच्या’ पेयांची गत फारशी वेगळी नाही. १०० मिलिलिटरला १० ते १४ ग्रॅम साखर त्यांत सहज आढळते. दुधात घालावयाच्या गोड पावडरींविषयी तर केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना त्या ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्याची सूचना दिली. डब्याच्या मागील बाजूचा तक्ता वाचण्याची सवय आपण लावून घ्यावी. कर्जाच्या करारावरील बारीक अक्षरे वाचण्याचा सल्ला आपण ग्राहकांना देतोच की.

‘मग गूळ चालेल ना?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. गुळात लोह वगैरे थोडे असते, परंतु त्याचा मोठा हिस्सा साखरच आहे आणि यकृताला दोहोंत फरक दिसत नाही. मधातही फलशर्करा भरपूर असते. फळे मात्र खुशाल द्यावीत, अखंड व चावून खाण्याची. पेरू किंवा संत्रे चावून खाताना तंतुमय भागामुळे शर्करा सावकाश उतरते आणि पोटही भरते. चार संत्र्यांचा रस दोन मिनिटांत संपतो.

ताटाविषयी सांगायचे तर नवे काही शिकण्याची गरज नाही. बेंगळुरूने आपल्याला उत्तम शेजार दिला आहे. नाचणी, म्हणजे येथील रागी, तिचे मुद्दे पालेभाजीच्या सारासोबत खाण्याची येथील पद्धत मुलांच्या यकृतासाठी उत्तम आहे. फक्त त्याच नाचणीची साखर घातलेली बिस्किटे ‘पौष्टिक’ म्हणून आणू नयेत. भिजविलेली मूगडाळ, काकडी आणि ओले खोबरे यांची कोसंबरी ही आपल्या कोशिंबिरीची सख्खी बहीण. डब्यात चपातीबरोबर जॅमऐवजी उसळ, अंडे किंवा दही जावे. चार वाजताच्या भुकेसाठी बेकरीच्या आधी काहीतरी हाताशी हवे: उकडलेले शेंगदाणे, थालीपीठ, इडली, मोसमात अवरेकाळू. मैदा आणि वनस्पती तूप एकत्र येणारे पदार्थ महिन्याकाठी ठीक, दररोज नकोत. सण-समारंभाच्या पुरणपोळीला कोणी हात लावू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. यकृताला त्रास होतो तो रोजच्या सवयीने.

वजन उतरविण्याची घाई मुलांच्या बाबतीत करू नये. वाढत्या वयात वजन काही महिने आहे तेथे राखले आणि उंची वाढू दिली, तरी प्रमाण सुधारते. उपास, एकवेळ जेवण, झटपट वजन घटविणारे आहार मुलांना अपायकारक आहेत. दिवसातून एकूण तासभर घाम येईल असा खेळ, आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलास किमान ९ तास झोप, हे दोन्ही औषधाइतकेच मोजून द्यावे.

तपासणी आणि औषधे

रक्ततपासणीत पाहावयाचा मुख्य आकडा एस.जी.पी.टी. हा होय. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अनेक प्रयोगशाळांच्या अहवालांत त्याची वरची मर्यादा ४० किंवा त्याहून अधिक छापलेली असते, ती प्रौढांची. उत्तर अमेरिकेतील बालयकृततज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेनुसार मुलींसाठी ही मर्यादा २२ आणि मुलग्यांसाठी २६ धरावी. म्हणजे ३८ हा आकडा छापील अहवालात ‘नॉर्मल’ दिसला, तरी तो डॉक्टरांना दाखविण्याजोगा असतो. याच मार्गदर्शिकेत स्थूल मुलांची ही तपासणी ९ ते ११ वर्षांच्या दरम्यान करून घ्यावी असे म्हटले आहे. सोनोग्राफीतील ‘ग्रेड’ हा यकृत किती उजळ दिसते याचा अंदाज असतो; यकृताला इजा किती झाली हे त्यावरून कळत नाही, आणि थोडा मेद असेल तर सोनोग्राफीत तो सुटूही शकतो.

मूल स्थूल आहे म्हणून यकृताचा दोष त्याच्या खाण्यावर टाकून मोकळे होणेही धोक्याचे. शरीरात तांबे साठणारा विल्सनचा विकार, हिपॅटायटिस बी व सी, तसेच शरीराच्याच प्रतिकारशक्तीने होणारा यकृतदाह यांचे निदान वेळेवर झाले तर उपचार आहेत. म्हणून डॉक्टर या तपासण्या सांगतात, त्यास खर्च वाढविणे समजू नये.

औषधांच्या बाबतीत फार बोलण्यासारखे नाही. प्रौढांतील गंभीर अवस्थेसाठी अमेरिकेत २०२४ मध्ये एक आणि २०२५ मध्ये दुसरे औषध मान्य झाले. मुलांसाठी मान्यताप्राप्त औषध नाही. ८ ते १७ वर्षांच्या १७३ मुलांवर ई जीवनसत्त्व व मेटफॉर्मिन यांचा प्रयोग झाला होता. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आणि ठरविलेले मुख्य उद्दिष्ट दोहोंपैकी एकालाही गाठता आले नाही. ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून दुकानात मिळणाऱ्या बाटल्या, काढे व चूर्णे स्वतःच्या मनाने देऊ नयेत. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तरीही आधीच सुजलेल्या यकृताच्या मुलावर असा प्रयोग घरी करण्याचे कारण नाही.

शाळेच्या पातळीवर काही गोष्टी घडत आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार अधिक मेद, साखर व मीठ असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि आवारापासून ५० मीटरच्या परिसरात विकता येत नाहीत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये आपल्या शाळांना कोणत्या पदार्थात किती साखर असते हे दाखविणारे फलक लावण्यास सांगितले. पालक-शिक्षक सभेत गुणांखेरीज या फलकाची चौकशी करणारे पालक अद्याप थोडेच आढळतात.

अखेरचा मुद्दा मुलाशी बोलण्याचा. त्याच्यासमोर ‘जाड्या’ म्हणणे, पाहुण्यांदेखत त्याच्या ताटातील लाडू उचलणे, भावाला देऊन त्याला नाकारणे, यामुळे मूल चोरून खाऊ लागते. आहार बदलायचा तो साऱ्या घराचा. आजी-आजोबांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे, कारण बाळसे हे आरोग्याचे लक्षण मानण्याच्या काळात त्यांनी मुले वाढविली आहेत आणि नातवाच्या हाती पहिले बिस्किट बहुधा त्यांच्याच डब्यातून येते. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून एस.जी.पी.टी.चा आकडा दाखविला, तर पुढील तीन महिन्यांनी होणाऱ्या फेरतपासणीपर्यंत त्या डब्यात फुटाणे भरण्याचे काम तेच आनंदाने करतात.